फोटोतल्या माणसाचं पुढे काय होतं?

लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागात वेदर्बी मॅन्शन्स नावाची लाल विटांची जुनी इमारत आहे. तिच्यातल्या एका फ्लॅटच्या एका खोलीत १९६९ साली काढलेले काही फोटो गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभर फिरत आहेत. खोली जवळजवळ रिकामी. जमीन लाकडी फळ्यांची, आणि त्या फळ्या एकाआड एक नारिंगी नि जांभळट रंगाने रंगवलेल्या. रंगवणाऱ्याने आधी केर काढायची तसदी घेतली नव्हती. धूळ, काड्यापेटीतल्या काड्या, सिगारेटची थोटकं, सगळ्यांवरून ब्रश सरळ फिरवलेला. एका फुलदाणीत डॅफोडिलची फुलं. आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या जमिनीवर उकिडवा बसलेला तेवीस वर्षांचा एक देखणा तरुण. केस विस्कटलेले, डोळ्यांत काजळ, आणि नजर अशी की हा आपल्याकडे पाहतोय की आपल्या पलीकडे, ते सांगता येऊ नये.

हा तरुण म्हणजे सिड बॅरेट. पिंक फ्लॉइड हे नाव आपल्याकडेही आता घरोघरी माहीत आहे. निदान ज्या घरांत १९८० नंतर कॉलेजात गेलेला एखादा मुलगा होता, त्या घरांत तर ते भिंतीवरच चिकटवलेलं असे. या वाद्यवृंदाचं नाव बॅरेटने ठेवलेलं. १९६७ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या लाँग प्ले रेकॉर्डवरची बहुतेक गाणी त्याची. गाणारा तो, गिटार वाजवणारा तो, आणि लोक पाहायला येत तेही त्यालाच. त्याच वर्षात त्याचं बिनसलं. कार्यक्रमात तो एकच सूर छेडत उभा राही, कधी वाजवतच नसे. एलएसडीमुळे, की मुळातच मनाचा काही आजार होता म्हणून, की दोन्हींमुळे, यावर जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत; मी त्यात पडत नाही. जानेवारी १९६८मध्ये एका कार्यक्रमाला जाताना सहकाऱ्यांनी त्याला घ्यायला गाडी वळवलीच नाही. भांडण नाही, पत्र नाही, निरोप नाही. एप्रिलमध्ये तो बाहेर पडल्याचं रीतसर जाहीर झालं. वर सांगितलेले फोटो त्यानंतरच्या वर्षातले, त्याच्या एकट्याच्या पहिल्या रेकॉर्डसाठी काढलेले. ‘द मॅडकॅप लाफ्स’ नावाची ती रेकॉर्ड जानेवारी १९७०मध्ये बाजारात आली.

फोटो काढणाऱ्याचं नाव मिक रॉक. आडनाव खरोखरच रॉक. धंद्यासाठी घेतलेलं नव्हे. हा केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात आधुनिक युरोपीय भाषा शिकायला आलेला मुलगा. फोटोग्राफीचा वर्ग त्याने कधी केला नाही. मित्राचा कॅमेरा हातात आला आणि तो खटाखट बटण दाबत सुटला. नंतर कळलं की आत रोलच नव्हता. ही कथा तो स्वतःच पुढे मोठ्या चवीने सांगत असे. १९६६च्या अखेरीस केंब्रिजमध्येच त्याची सिडशी ओळख झाली, तीही कवितांच्या आणि चित्रांच्या गप्पांतून. वेदर्बी मॅन्शन्समध्ये तो कॅमेरा घेऊन गेला तेव्हा त्याला एकविसावं वर्ष चालू होतं. छायाचित्रकार म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि तो स्वतःलाही तसं समजत होता की नाही, कुणास ठाऊक.

एकूण त्या काळात त्या मंडळींत विद्यार्थी नसलेलं असं कुणी नव्हतंच. बॅरेट स्वतः कॅम्बरवेलच्या कलाशाळेत चित्रकला शिकलेला. बाकीचे तिघे आर्किटेक्चरच्या वर्गातले. रेकॉर्डचं कव्हर ज्या हिप्नोसिस नावाच्या मंडळींनी केलं, त्यांतला स्टॉर्म थॉर्गरसन हा केंब्रिजच्या त्याच शाळेतला, नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. तिथल्या डार्करूमचा वापर करून त्यांनी पिंक फ्लॉइडचं १९६८चं कव्हर केलं होतं. अर्ल्स कोर्टच्या त्या खोलीत तोही कॅमेरा घेऊन होता. म्हणजे शोधून पाहिलं तर हा सगळा गाववाल्यांचाच मामला. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेच्या आदल्या रात्री जशी सगळी गँग एका खोलीत पडलेली असते, तसाच.

त्या दिवशी मेकअपवाला नव्हता, कपडेपट नव्हता, कंपनीचा कुणी माणूस घड्याळ पाहत उभा नव्हता. डोळ्यांतलं काजळ तिथे राहणाऱ्या मैत्रिणीने घातलेलं. सिड अंथरुणातून उठला तसाच फोटोला बसला. खोलीत फिरून झाल्यावर मंडळी खाली रस्त्यावर गेली. तिथे उभ्या असलेल्या एका लांबलचक अमेरिकन मोटारीवर बसून, रेलून आणखी फोटो झाले. असं बस, इकडे पाहा, हनुवटी वर कर, असलं काही त्या फोटोंत दिसत नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की हे फोटो विद्यार्थ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढताच आले नसते. नामवंत माणसाचा उत्तम फोटो बहुधा अशा कुणीतरी काढलेला असतो, ज्याला तेव्हा नाव नव्हतं. कारण साधं आहे. व्यावसायिक माणूस येतो तो फोटो घेऊन जायला. त्याच्या डोक्यात तो आधीच तयार असतो, समोरच्याने फक्त त्यात जाऊन बसायचं. विद्यार्थ्याकडे तयार काहीच नसतं. असतो तो फक्त वेळ. आणि पुढ्यातल्या माणसाच्या लेखी त्याची किंमत शून्य असल्यामुळे त्याच्यासमोर कुणी चेहरा करत नाही.

डॅफोडिलच्या फुलांची एक गंमत सांगतो. हे फोटो १९६९च्या शरदात काढले, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इंग्लंडात डॅफोडिल फुलतात ते वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमाराला. शरदात ही फुलं आणणार कुठून? तेव्हा फोटो वसंतातले असावेत असा तर्क निघाला, आणि त्यावर भक्तमंडळींत आजही वाद चालतो. आयुष्यभर बँकेत व्हाउचरं तपासलेल्या माझ्यासारख्याला हा पुरावा फार आवडला. माणसांच्या साक्षी फिरतात, फुलदाणीची फिरत नाही.

पण खरा प्रश्न फोटो कधी काढला हा नाही. काढल्यानंतर त्यातल्या माणसाचं काय झालं, हा आहे.

याविषयी माझं मत बनलं ते कुठल्या प्रदर्शनात नव्हे, तर बँकेच्या काउंटरमागे. निवृत्तिवेतनाचं काम पाहिलेल्या प्रत्येकाला नोव्हेंबर महिना आठवत असेल. सगळे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येत. पेन्शनच्या कागदांवर नवरा-बायकोचा जोडफोटो चिकटवलेला असतो, निवृत्तीच्या वेळी काढलेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टुडिओत जाऊन, कोट घालून, ताठ बसून काढलेला तो फोटो. आणि समोर ऐंशी वर्षांचं, तोंडाचं बोळकं झालेलं माणूस. एकदा एक बाई कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आल्या. यजमान प्राथमिक शिक्षक होते, नुकतेच वारलेले. फोटोतल्या बाई भरल्या अंगाच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. समोर उभ्या होत्या त्या अर्ध्याही नव्हत्या. कारकून तरुण होता, फोटोकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागला. त्याचंही चूक नव्हतं, पडताळणी हेच त्याचं काम. बाई शांतपणे म्हणाल्या, “मीच ती. तेव्हा हे शेजारी होते ना, म्हणून तशी दिसतेय.”

आता हे काम मोबाइल करतो. नोव्हेंबर २०२१पासून पेन्शनरचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला की यंत्र तो ओळखतं आणि दाखला मिळतो. सोय मोठी झाली, प्रश्न मात्र तोच राहिला. फोटोतलं माणूस आणि पुढ्यातलं माणूस यांत तफावत पडली, तर आपण कुणाला खरं धरतो? बँक निदान सहीही पाहायची. जग फक्त फोटो पाहतं.

सिड बॅरेटच्या बाबतीत जगाने फोटोतल्या माणसालाच खरं धरलं. त्या देखण्या, हरवलेल्या मुलाची पोस्टरं निघाली, त्याच्यासारखे केस ठेवले गेले, त्याच्यासारखं काजळ घातलं गेलं. आणि मूळचा माणूस हळूहळू त्या फोटोतून बाहेर पडत होता. १९७०मध्येच त्याची दुसरी रेकॉर्ड आली. त्यानंतर तो केंब्रिजला आईच्या घरी गेला. १९७१ साली मिक रॉक त्याला तिथे भेटायला गेला. बागेत फोटो काढले, दोघांनी पुष्कळ गप्पा मारल्या, आणि त्या डिसेंबर १९७१च्या ‘रोलिंग स्टोन’मध्ये छापून आल्या. त्याच्यानंतर मुलाखत अशी म्हणण्यासारखी जवळजवळ नाहीच.

जून १९७५मध्ये पिंक फ्लॉइडची मंडळी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम करत होती. रेकॉर्डिंग चाललं होतं ते सिडच्याच आठवणीने केलेल्या गाण्याचं. तेवढ्यात एक लठ्ठ माणूस आत येऊन बसला. डोक्याचा चकोट, भुवयासुद्धा काढलेल्या. कुणालाही वाटलं, असेल कंपनीचा कुणी. ज्यांनी त्याच्याबरोबर दिवसरात्र वाजवलं त्या मित्रांना तो सिड आहे हे कळायला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी कुणीतरी त्याचा एक साधा फोटो काढला; ड्रमर निक मेसनच्या पुस्तकात तो छापलेला आहे. मी तो पाहिला आहे. मला त्या फोटोत काहीही भयंकर दिसलं नाही. एक जाडसर, थकलेला माणूस. आपल्या नातेवाइकांत असे चार सापडतील. भयंकर वाटतो तो फक्त शेजारी १९६९चा फोटो ठेवला तर.

पुढे तो कायमचा केंब्रिजला परतला. लंडनहून चालत गेला असं सांगतात. अंतर पन्नास मैलांचं. सिड हे नाव त्याने टाकून दिलं आणि जन्माचं रॉजर हे नाव पुन्हा घेतलं. आई १९९१मध्ये गेली. त्यानंतर एका साध्या घरात तो एकटा राहिला. बागकाम करी, सायकलवरून बाजारहाट करी, लाकडाचं सामान स्वतः बनवी, चित्रं काढी. पैशाची ददात नव्हती. जुन्या गाण्यांच्या हक्काचे पैसे त्याला मिळत राहतील याची काळजी डेव्हिड गिल्मोरने घेतली. त्याच्या जागी वाद्यवृंदात आलेला तोच गिल्मोर.

आणि दारासमोर फोटोवाले. वर्षातून केव्हाही, कुणीही. मोटारीत दबा धरून बसायचं, तो सायकल घेऊन बाहेर पडला की टिपायचं, आणि टक्कल पडलेल्या, हातात पिशवी धरलेल्या माणसाचा फोटो १९६९च्या फोटोशेजारी छापायचा. पाहा, काय होता आणि काय झाला! बहिणीने परोपरीने सांगितलं की त्याला भूतकाळाची आठवण नको वाटते, त्याला त्रास देऊ नका. तरीही चाहते दार ठोठवत. वाचकहो, साठीच्या आतबाहेरचा कुठला पुरुष विशीतल्यासारखा दिसतो? माझा स्वतःचा नोकरीला लागतानाचा फोटो कुणी आजच्या माझ्याशेजारी छापला, तर लोक माझ्याही आजाराविषयी पुस्तकं लिहितील.

म्हणून मी या दोन प्रकारच्या फोटोंत फरक करतो. दोन्हींत कॅमेरा तोच, माणूस तोच, आणि दोन्ही वेळी तो नीटनेटका नव्हताच. तरी पहिला फोटो त्याच्या खोलीत, त्याच्या मित्राने, त्याच्यासमोर उभं राहून काढलेला आहे. दुसरा त्याच्या दाराबाहेर, काचेआडून. पहिल्यात त्याला ‘नको’ म्हणायची सोय होती.

तेही सरसकट खरं नाही म्हणा. त्याच दिवशीच्या एका फोटोत, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, एक विवस्त्र तरुणी पाठमोरी दिसते. काजळ घालणारी तीच. तिचं नुसतं टोपणनाव लोकांना ठाऊक होतं. ती कोण, कुठली, पुढे कुठे गेली, याचा पत्ता चाळीसेक वर्षं कुणाला नव्हता. गाणाऱ्याचा फोटो अमर झाला, तीही त्याच्याबरोबर झाली, पण नावाशिवाय. त्या काळातल्या कलावंत मंडळींना याचं काही वाटलं नसावं.

आता हे सगळं आज उकरून काढायचं कारण सांगतो. माझी पुतणी पुण्यात फोटोग्राफीचा अभ्यास करते. तिच्या वर्गाला काम दिलं होतं: एका परिचित कलावंताचं व्यक्तिचित्र. तिने एका रॉक बँडचा गायक गाठला. तरुण मुलांत त्याचं चांगलं नाव आहे. त्याच्या मॅनेजरने वेळ दिला वीस मिनिटांचा. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, वीस मिनिटांत काय मिळणार?” तेव्हा मी तिला बॅरेटचे हे फोटो दाखवले आणि सुचवलं की मॅनेजरला सांग, मला वीस मिनिटं नकोत, त्यांच्या सरावाच्या खोलीत एक दिवस कोपऱ्यात बसू दे. तिने तसं विचारलं. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी बसू दिलं.

ती सहा तास बसली. संध्याकाळी मुलं दमली, गायक एका खुर्चीत टेकला, त्याने चष्मा लावला (लोकांसमोर तो कधी लावत नाही म्हणे), आणि फोनवर आईशी बोलू लागला. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, त्याविषयी काहीतरी. पुतणीने फोटो काढला. तो मी पाहिला आहे. चांगला या शब्दात मावणार नाही इतका चांगला आहे. निघताना तिने सरळपणाने त्याला सगळे फोटो दाखवले. त्याने बाकीच्यांना मान हलवली, आणि याच्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा नको.”

झालं. आमच्या घरात यावरून आठवडाभर परिषद भरली. तिचे शिक्षक म्हणतात, फोटो कधीही पुसायचा नाही. तिचा भाऊ म्हणतो, सार्वजनिक माणसाला काय खाजगी? मी कायद्याचं पुस्तक काढलं, जुनी सवय. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कुणी फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. एरवी तो काढणाऱ्याचा, निदान जोवर तो कुणाच्या नोकरीत नाही तोवर. काढणारा गेल्यानंतरही साठ वर्षं तो टिकतो. म्हणजे लग्नाच्या अल्बमचे मालक तुम्ही, पण तुमच्या नकळत कुणी रस्त्यात काढलेल्या तुमच्या फोटोचा मालक तो. ज्याचा चेहरा आहे, त्याचा या हिशेबात उल्लेख नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला हे खरं. पण खुर्चीत बसून आईशी बोलणाऱ्या माणसाच्या चष्म्यापर्यंत तो हक्क पोचतो का, हे कुणी वकीलच सांगू जाणे.

माझं मत मी दिलं. म्हटलं, “तो नको म्हणाला, विषय संपला. तू सहा तास बसलीस म्हणून तो तुझ्यासमोर चष्मा लावून बसला. त्या विश्वासावर फोटो मिळाला. आता तोच विश्वास मोडून फोटो कसा दाखवशील?”

यावर तिने मला जे विचारलं ते विचारायला तिची पिढीच पाहिजे. “काका, तुम्ही कादंबरीत माणसं घालता, ती विचारून घालता का?”

मी म्हटलं, “कादंबरीत मी नाव बदलतो, गाव बदलतो, दोघांचा एक करतो. वाचणारा शपथेवर सांगू शकत नाही की हा अमुकच. फोटोला हे जमत नाही. फोटोत तो तोच असतो, हीच तर त्याची ताकद.” तिला पटलं की नाही ते तिने सांगितलं नाही.

ज्यांना वाटतं की प्रसिद्ध माणसाने ही किंमत मोजायलाच हवी, त्यांच्यासाठी मिक रॉकचाच आणखी एक फोटो आठवतो. १९७४ सालच्या ‘क्वीन टू’ या रेकॉर्डचं कव्हर. काळ्याकुट्ट अंधारात चार चेहरे, मध्ये हात छातीवर दुमडून मान मागे टाकलेला फ्रेडी मर्क्युरी. हा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा. त्या शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा. रॉकने मार्लेन डीट्रिशचा ‘शांघाय एक्स्प्रेस’च्या काळातला जुना फोटो त्याला दाखवला आणि फ्रेडी खूश झाला, त्याला नेमकं हेच व्हायचं होतं. वर्षभराने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीत तोच फोटो त्यांनी जिवंत करून दाखवला. तेव्हा फोटो काढून घ्यायची हौस असलेला कलावंत, असं त्याच्याइतकं उदाहरण सापडणार नाही. आणि १९९१च्या शेवटच्या महिन्यांत याच माणसाच्या लंडनच्या घराबाहेर फोटोवाल्यांचा पहारा होता. खंगलेला चेहरा टिपायला मिळावा म्हणून. मृत्यूच्या आदल्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, त्याने आजार जाहीर केला. ज्याने आयुष्यभर आपणहून एवढं दाखवलं, त्याला शेवटी थोडं झाकायचं होतं. एकदा दाखवलं म्हणजे कायमचं विकलं, हा हिशेब कुठल्या खातेवहीत बसतो?

बॅरेटकडे परत येतो, कारण त्याची एक गोष्ट सांगायची राहिली. तो चित्रं काढी असं मी म्हटलं. चित्र पूर्ण झालं की तो त्याचा फोटो काढी, आणि मग चित्र नष्ट करी. बहुतेकदा जाळून टाकी. हे त्याच्या बहिणीने सांगितलेलं आहे. प्रथम वाचलं तेव्हा मी चक्रावलो. मग वाटलं, ज्याचा फोटो जगाने त्याच्यापासून हिरावून घेतला, त्या माणसाने कॅमेरा असा वापरावा यात विलक्षण काही नाही. मूळ वस्तू कुणाच्या हाती लागणार नाही, फोटो आपल्यापाशी.

२००२ साली मिक रॉकने १९६९ आणि १९७१च्या त्या फोटोंचं एक मोठं पुस्तक काढलं. मोजक्या प्रतींवर सही करायला बॅरेट तयार झाला. तीस वर्षं ज्याने जुन्या दिवसांचं नाव काढू दिलं नव्हतं, तो या एका माणसाच्या पुस्तकावर सही करायला बसला. सह्या तपासण्यात माझी हयात गेली असल्यामुळे मी ती सही कुतूहलाने पाहिली. नुसतं ‘बॅरेट’. सिड नाही, रॉजरही नाही. चार वर्षांनी, ७ जुलै २००६ रोजी तो वारला. साठ वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये केंब्रिजला त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला, त्यात सायकल होती, त्याने बनवलेलं घरगुती सामान होतं, उरलेली चित्रं होती. सुमारे एक लाख वीस हजार पौंड आले आणि ते कलेच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी गेले. मिक रॉक २०२१मध्ये गेला.

सहीची ही हकीकत मी पुतणीला सांगितली. ती जरा वेळ बोटांवर मोजत बसली. “एकोणसत्तर ते दोन हजार दोन. म्हणजे तेहतीस वर्षं.”

“हो.”

“तेहतीस वर्षांनी मी चौपन्न वर्षांची असेन, काका.”

“आणि तो गायक साठीचा. तेव्हा विचार त्याला.”

कॉलेजला तिने दुसरा फोटो दिला, गिटारच्या तारा बदलतानाचा. गुण बरे मिळाले, फार नाहीत. चष्म्याचा फोटो तिने पुसला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही. एक पेनड्राइव्ह पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर तारीख टाकून मला दिलं. तुमचा लॉकर आहे ना, म्हणाली. मी म्हटलं, तेहतीस वर्षांत पेनड्राइव्ह चालेनासा होईल. ती म्हणाली, मग पाच वर्षांनी नवीन करून देईन. पाकीट सध्या लॉकरमध्ये तिच्या काकूच्या पाटल्यांशेजारी आहे.